तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

१२ जानेवारी, सोमवार

शेवटची सलग झोप कधी लागली होती? डॉक्टरांनी विचारलं. खरंच माहीत नाही. दिवाळीच्या आधी? त्याच्याही आधी? मी आठवतेय तोवर आई म्हणाली, "लागते तिला. डोळं मिटून पडलेली असते की."

डोळे मिटणं आणि झोपणं यांतला फरक दवाखान्यात चारचौघांसमोर आईला समजावण्याचं त्राण नव्हतं.

डॉ.: "गोळ्या वेळेवर?" आई: "माझ्या हातानं देते डॉक्टर. एकबी चुकवत नाय." डॉ. खूश. माझी बोटं दाबून पाहिली, मनगट वाकवून पाहिलं, सूज आहे म्हणाले. (मला माहीत आहे.) संध्याकाळनंतर चहा नको, मोबाइल नको, काळजी नको. पहिली दोन आजपासून सोडली. तिसरी कुठे नेऊन सोडायची ते विचारायचं राहिलं.

बाहेर येताच आईने माझी फाइल पिशवीत तळाशी घातली, वर मासळीचा प्लास्टिकचा कागद. कुणाला दिसू नये म्हणून. घरी येईपर्यंत फाइलला बोंबलाचा वास. आता माझा संधिवातही नासला.

१४ जाने.

संक्रांत. शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या आणि माझे गाल धरले. "रेश्मा, तब्येत सुधारली गो बाय तुझी! गाल बघ कशे भरलेत." आई लगेच, "नोकरी मानवली तिला."

गाल नोकरीने नाही, स्टिरॉइडने भरलेत. आणि रात्र रात्र जागून डोळ्यांखाली जे काळं झालंय ते काकूंना दिसत नाही. हसले. तिळगूळ खाल्ला. गोड बोलले. नंतर मोरीतल्या आरशात स्वतःचं तोंड पाहिलं तर कुणीतरी आत हवा भरून ठेवल्यासारखं. किळस आली. माझ्याच तोंडाची.

१७ जाने., शनि.

झोप: नाही.

पिवळ्या गोळीचा वार. आठवड्यातून एकदाच, पण दुसरा अख्खा दिवस खाते. उद्या पोटात ढवळेल आणि आई बाहेर कोलंबी सोलत बसलेली असेल, त्या वासाने आणखी ढवळेल. आईला सांगता येत नाही की तुझ्या धंद्याचा वास मला सहन होत नाही. त्याच कोलंबीवर मी बी.एस्सी. झाले. घरातली पहिली. आप्पांनी तेव्हा लेकीचे पेढे वाटले होते, त्यांच्या कामाच्या जागी, कळंबोलीच्या लोखंड बाजारात, क्रेनखालच्या हमालांनासुद्धा.

२० जाने.

झोप नाही म्हणजे काय, ते एकदा नीट लिहून ठेवते. डोकं थकलेलं असतं, हाडं थकलेली असतात, आणि आत कुणीतरी दिवा लावून बसलेलं असतं. सण असल्यासारखं. शेजारी दीपाली उशीला डोकं टेकते आणि जाते. तोंड उघडं, हलकी घोरते. मला तिचा राग येतो. सख्ख्या बहिणीचा, फक्त ती झोपते म्हणून. लिहितानाही लाज वाटते, पण येतो.

गोळ्यांचंही लिहिते, कारण ते कुणाशी बोलता येत नाही. कोळीवाड्यात दिवसा दार उघडं. जो येतो तो सरळ आत येतो, चहाचा कप हातात घेऊनच बसतो. म्हणून रात्री जेवणं झाली, भांडी झाली, कडी लागली, की आई तांदळाचा डबा उघडते. कोपरापर्यंत हात आत. पाकिटं वर येतात, पांढरी धूळ लागलेली. आई ती पदराला पुसते. "घे. पोटभर जेवलीस ना?" पहिल्या दिवशी डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, गोळी रिकाम्या पोटी नको, पोटभर खाऊन घ्या. आमच्या घरी पोटभर जेवण रात्रीचंच. सकाळी आई अंधारातच टेम्पोवर जाते माल घ्यायला, आम्ही चहा-बटर खाऊन निघतो. तेव्हा रात्रच.

आणि हे सगळं कशासाठी? तर दी.च्या लग्नासाठी. मोठीला असला जन्माचा आजार आहे कळलं तर धाकटीला कोण करेल.

२५ जाने., रवि.

आत्या आली कळंबोलीहून. एका पिशवीत दी.साठी स्थळ, दुसऱ्या पिशवीत माझ्यासाठी तेल.

स्थळ: मुलगा प्रतीक, उरणकडचा, बंदरात नोकरीला, एकुलता एक. फोटोत बरा दिसतो. दी. फोटो मोठा करून करून बघत होती. "कान मोठे हायत, पण चालंल." ती पार्लरमध्ये काम करते, माणसाकडे आधी कापण्यासारखं काय आहे ते बघते.

तेल: घोरपडीचं. आत्याला माझ्या आजाराचं सगळं माहीत आहे, आमच्या घराबाहेर फक्त तिलाच. "चोळ रातच्याला, सांधे लोण्यासारखे होतील." बाटलीत पिवळट, घट्ट, तळाशी काहीतरी चिकटलेलं. मी प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाले. म्हटलं, आत्या, घोरपड मारणं गुन्हा आहे. आत्या: "मी कुठं मारली? मी विकत आणली." सगळे हसले. आप्पासुद्धा.

रात्री आईने चोळलं. मी नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं. तिचे हात कोलंबी सोलून खरबरीत झालेले आहेत, आणि ते इतके हळू चालत होते माझ्या मनगटावर, की तिसऱ्यांदा म्हणवेना. वास अजून जात नाही. साबणाने, लिंबाने, कशानेच.

३० जाने.

तळोज्याच्या कारखान्यांकडून पुन्हा तो वास. सडक्या अंड्यांचा. कळंबोलीत खिडक्या लावून घेतात म्हणे, आत्याच्या सोसायटीत सह्या गोळा करतायत. मला हेवा वाटला. त्यांना निदान तक्रार करायला जागा आहे.

४ फेब्रु.

संस्थेचं काम, वीटभट्टी. आमचं काम एवढंच: टीबीच्या पेशंटने रोज गोळी घेतली की नाही ते बघायचं आणि मध्येच सोडू नका म्हणून सांगत राहायचं. मला हे काम आवडतं. आजही आवडतं, हे लिहून ठेवते.

बेबीताई, भट्टीवर नवऱ्यासोबत विटा थापते. तिने गोळ्या झोपडीच्या कुडात खुपसून ठेवलेल्या. बऱ्याच शिल्लक. म्हणाली, "मुकादमाला कळलं तं आमा दोघांची जोडीच काढील ना बाय. कामाला ठेवील का?" मी तिच्यासमोर उकिडवी बसले. (गुडघे ओरडले.) तिला समजावलं. लपवून घेतलेली गोळी चुकतेच. आजार हा गुन्हा नाही. लाज कसली? चारचौघांत घ्या. छान बोलले. संध्याने, माझ्या सहकारिणीने, मागून अंगठा दाखवला.

निघताना बेबीताई म्हणाली, "तुमचं डोळं अशे का लाल? तुमालाबी काय हाय का?"

मी म्हटलं, "नाही गं. धूळ."

९ फेब्रु.

संध्याच्या स्कूटरवर मागे बसून येत होते, खांदा कॉलनीच्या वळणावर डोळा लागला. रात्रभर लागत नाही तो भर उन्हात, चालत्या गाडीवर. डोकं तिच्या पाठीवर आपटलं म्हणून वाचले. संध्याने गाडी बाजूला घेतली आणि शिव्याच घातल्या. "मरायचंय का? तुला झालंय काय, सांग ना मला." ओठांवर आलं होतं. पण संध्याचा मामा प्रतीकच्या गावात. म्हटलं, रात्री वेबसिरीज बघत होते.

"कुठली?"

नाव सुचलं नाही. तिने मान हलवली.

१२ फेब्रु.

ऑफिसातून अर्धा दिवस घेऊन एकटी गेले डॉक्टरांकडे. आई सोबत नसताना पहिल्यांदाच. स्कूटरचं सांगितलं. त्यांनी या वेळी पेन खाली ठेवलं.

"स्टिरॉइडची गोळी सकाळी नाश्त्यानंतरच घेता ना?"

"रात्री. जेवून."

"रात्री? कोणी सांगितलं रात्री?"

कुणीच नाही. ते म्हणाले, ही गोळी रात्री घेतली तर कित्येकांची झोप उडते, म्हणून ती सकाळी द्यायची असते. चूक माझीही, म्हणाले, वेळ स्पष्ट सांगायला हवी होती. उद्यापासून सकाळी, खाऊन. आणि स्वतःहून एकदम बंद करायची नाही, कधीच नाही, ते धोक्याचं. नुसत्या वेळेने सगळं ठीक होईल असं नाही, सांध्याच्या दुखण्यानेही झोप मोडते, बघू.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. इतके महिने मी दिवा बघत होते, आत कोण लावतंय ते शोधत होते. आई लावत होती. पदराला पुसून.

संतापाने रडू आलं. आणि स्वतःचा वीट आला. मी, जी भट्टीवर जाऊन गोळ्यांवर भाषणं देते, तिने स्वतःच्या गोळीची वेळ कधी विचारली नाही.

त्याच दिवशी, रात्री

आईला सांगितलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, चढला.

आईने डब्याचं उघडलेलं झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाली, "म्हंजी मीच तुझी झोप खाल्ली?"

असं नाही म्हणाले मी. पण नाही असंही म्हणाले नाही.

"मग सकाळी कवा देऊ? मी बाजारात. घरात आख्खा कोळीवाडा. आन आता तर उरणची माणसं कवाबी येतील."

आप्पा: "हापिसात घेऊ दे तिला." प्रश्न मिटला असं त्यांना वाटलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. तेही झोपतात.

१६ फेब्रु.

ऑफिसात. म्हणजे ऑफिसच्या संडासात. संध्या समोर बसते, डबा एकत्र खातो, पाकीट बाहेर काढलं तर विचारणारच. म्हणून सकाळी पोचल्यावर चपाती खाऊन झाली की आत जाते, नळाचं पाणी ओंजळीत घेते. फिनेलच्या वासात गोळी गिळते. आज खालच्या ओल्या फरशीवर एक पडली. उचलली. क्षणभर विचारसुद्धा केला, पुसून घ्यावी का.

नाही घेतली. पण विचार केला होता.

२१ फेब्रु.

झोप: आली! मध्ये एकदाच उठले. सकाळी चहाला चव होती. दी. म्हणाली, "आज माणसासारखी दिसतेस." तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

२४ फेब्रु.

पुन्हा अर्धीमुर्धी. मनगट दुखतं, कूस बदलली की जाग. पण तो आतला सण थांबलाय. आता जाग येते ती माझी असते, गोळीची नसते. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

उरणकडून होकार. शिमगा झाला की पहिल्या रविवारी ते लोक सकाळीच येणार, साखरपुड्याची आणि लग्नाची तारीख काढायला. दी. सारखी गाणं गुणगुणते. प्रतीकशी फोनवर तासन्‌तास. काल तो तिला विचारत होता, तुमच्याकडे रेश्माताई करवली ना? दी. माझ्याकडे बघून म्हणाली, "ती नाय तर कोण?"

करवली. म्हणजे पाण्याने भरलेला करा दोन्ही हातांत धरून नवरीच्या मागे उभं राहायचं. मंगलाष्टकं संपेपर्यंत. आज मोरीतला तांब्या भरून धरून पाहिला. डाव्या हातातून निसटला. आवाजाने आई धावत आली. तिने तांब्या पाहिला, मला पाहिलं, पाणी पुसलं. 

१ मार्च, रवि.

आईचा बेत तयार आहे. आत्याशी बोलून ठरवलाय. कऱ्याऐवजी हलका स्टीलचा गडू, अर्धाच भरायचा, वर नारळ ठेवला की कळत नाही. हे ठीक. पुढे: "लग्नाच्या आठवड्यात गोळ्या बंद ठेवू. घर पाव्हण्यांनी भरंल. चार दिवसांनी काय होतंय?"

मी म्हटलं, आई, डॉक्टर म्हणाले एकदम बंद केली तर धोका.

"डाक्टर तसंच बोलतात."

"आणि मला काही झालं तर? हळदीतच पडले तर?"

आत्या: "शुभ बोल गो. दिष्ट काढून टाकू तुझी."

मी आईकडे बघत राहिले. तिने नजर काढून घेतली.  ती वाईट नाही. ही बाई माझ्यासाठी तांदळात कोपरापर्यंत हात घालते. आणि तीच दोन मुली तागडीत घालून कुठली हलकी ते बघतेय. तिला दिसतही नाही आपण काय करतोय ते. किंवा दिसतं, म्हणून नजर काढली.

४ मार्च

भट्टीवर. बेबीताईने मला बघितल्यावर स्वतः बाहेर येऊन, बाकीच्या बायका बसल्या होत्या तिथेच, गोळी घेतली. मला दाखवायला. एक जण म्हणाली, "कसली गो?" "टीबीची. बरी होतंय मी." मुकादमाने काढलं का, मी विचारलं. "अजून तरी नाय. बोलला, लांब बसून जेव." आणि हसली, खोकत.

मला तिच्यासमोर उभं राहवेना.

७ मार्च, शनि.

दी.ला पार्लरमधून आणायला गेले, मुद्दाम. येताना सांगितलं. उद्या ते आले की मी नाश्त्यानंतर त्यांच्यासमोर गोळी घेईन. विचारलं तर खरं सांगेन. लग्नानंतर कळलं तर तुलाच ऐकून घ्यावं लागेल. आणि मी गोळ्या बंद करणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. तुला काय वाटतं?

ती गाढी नदीच्या पुलापर्यंत भरभर चालली, तिथे थांबली. मग: "मला विचारू नको. विचारलंस तर मी नाय म्हणेन."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. तू शिकलेली ना? तुला कळत नाय?" पुढे चालायला लागली. पुन्हा थांबली. "त्याचे कान मोठे हायत, तरी मला तो आवडतो. एवढंच सांगते."

पिवळी गोळी घ्यायची नाही वाटलं आज, उद्या ओकारी नको म्हणून. घेतली.

८ मार्च, रवि.

आले. प्रतीक, त्याचे आईवडील, त्याचा मामा. आत्या सकाळपासून हजर. पोहे, शिरा, चहा. पोटात ढवळत होतं, तरी बशीभर पोहे खाल्ले. बशी खाली ठेवली. आत गेले, तांदळाचा डबा उघडला, हात घातला. आई मागे येऊन दारात उभी राहिली. "रेश्मा. नको गो बाय." पहिल्यांदाच तिचा आवाज असा ऐकला, विनवणीचा.

मी पाकीट घेऊन तिच्या बाजूने बाहेर आले. सगळ्यांसमोर पाकिटातून गोळी काढली, घेतली, पाणी प्यायले.

प्रतीकची आई: "काय गो, ताप हाय काय?"

"नाही. संधिवात आहे मला. ही रोजची गोळी. बरीच वर्षं घ्यावी लागेल, कदाचित कायमची."

 आत्या म्हणाली, "थंडीचं दुखतं जरा—" मी म्हटलं, नाही आत्या, थंडीचं नाही.

प्रतीकच्या आईने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग दी.कडे, पायापासून वर. बाजारात बायका पापलेट उलटं करून कल्ले बघतात तसं. "आन धाकटीला?"

"तिला काही नाही."

"रगत तपासून दावाल?"

मला ओकारी आली. खरोखरची, घशापर्यंत. गिळली. दी. मान खाली घालून ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती. प्रतीक म्हणाला, "आई, काय बोलतेस?" मामा म्हणाला, "तू गप." आप्पा उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

तारीख निघाली नाही. "आमी कळवतो." चपला शोधायला त्यांना फार वेळ लागला.

आत्या रिक्षा मिळेपर्यंत बोलत होती. लिहीत नाही ते.

 रात्री दी.ने अंथरूण घातलं, माझ्यापासून हातभर लांब. दिवा बंद केल्यावर म्हणाली, "झालं ना तुझं? आता झोप."

९ मार्च, सोम.

झोप: नाही. या वेळी गोळीचा दोष नाही. दी. पण जागी होती. पहिल्यांदाच आम्ही दोघी जाग्या. प्रतीकचा मेसेज आला होता, मोबाइल उजळला, तिने वाचला आणि उलटा ठेवला. काय होतं, मी विचारलं नाही.

सकाळी आई बाजारात जायला निघाली तेव्हा मी उठलेच होते. तांदळाचा डबा रिकामा केला, म्हणजे माझ्यापुरता. गोळ्या आता चहा-साखरेच्या फळीवर आहेत, मिठाच्या बरणीला टेकून, दारातून आत येणाऱ्या कुणालाही दिसतील अशा. आईने पाटी कमरेवर घेतली, फळीकडे पाहिलं. काढून टाकेल वाटलं. तिने मिठाची बरणी उचलली, खालचं ओघळलेलं मीठ पुसलं, बरणी परत ठेवली.

"भाकरी हाय टोपल्यात," म्हणाली, माझ्याकडे न बघता. "खा आधी."

शेजारच्या काकू कप घेऊन आल्या तेव्हा मी खात होते. त्यांच्यासमोर घेतली.